दोनदा ऐकलेली मैफल : बीथोव्हेनचे अखेरचे क्वार्टेट आणि त्यांचे श्रोते



संगीताचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा गाजलेल्या मैफलींपासून सुरुवात करतो. मी आज एका पडलेल्या मैफलीपासून सुरुवात करणार आहे. तारीख ६ मार्च १८२५, वार रविवार, गाव व्हिएन्ना. तिथल्या संगीतमित्र मंडळाच्या छोट्या सभागृहात चार वादक बसले आणि बीथोव्हेनचा नवा क्वार्टेट, ओपस १२७, पहिल्यांदा लोकांसमोर वाजला. श्रोते जाणकार होते. दहा महिन्यांपूर्वीच, ७ मे १८२४ ला, याच शहरानं त्याच्या नवव्या सिम्फनीवर टाळ्यांचा पाऊस पाडला होता. क्वार्टेट या प्रकारात मात्र त्यानं १८१० नंतर काहीच पुरं केलं नव्हतं. म्हणजे लोक किती वाट बघत असतील याची कल्पना करा. आणि मैफल पडली. वादकांचा मेळ नीट बसला नाही आणि श्रोत्यांना रचनेचा थांगच लागला नाही.

आता पुढचं ऐका. त्याच महिन्यात, तीन आठवड्यांच्या आत, तोच क्वार्टेट त्याच शहरात पुन्हा वाजला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. रचना तीच, शहर तेच, श्रोत्यांचं वर्तुळही तेच. मग मधल्या दिवसांत बदललं काय? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. कारण या अखेरच्या क्वार्टेट्सबद्दल एक गोष्ट आपल्याला नेहमी सांगितली जाते. बीथोव्हेन ठार बहिरा झाला होता, जगापासून तुटला होता, भविष्यासाठी लिहीत होता, आणि त्याच्या काळाला ते कळणं शक्यच नव्हतं. ऐकायला ही गोष्ट फार छान वाटते. पण त्या तीन वर्षांतल्या मैफली एकेक करून पाहिल्या, तर ती तशी टिकत नाही.

आधी थोडी ओळख करून घेऊ. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यं : दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. समोर कंडक्टर नाही, मागे वाद्यवृंद नाही. चौघं एकमेकांकडे बघून, एकमेकांचं ऐकून वाजवतात. एकाची लय जरा सैल झाली तर लपायला जागा नाही. आपल्याकडे 'चौकडी' हा शब्द जरा बदनाम आहे (हशा), पण मी आज तोच वापरणार आहे, कारण या चौघांचं नातं दुसऱ्या कुठल्या शब्दात नीट येत नाही.

या रचनांचं निमित्त रशियातून आलं. सेंट पीटर्सबर्गचा प्रिन्स निकोलाय गालित्सिन हा हौशी चेलोवादक. त्यानं नोव्हेंबर १८२२ मध्ये बीथोव्हेनला पत्र लिहून एक, दोन किंवा तीन नवे क्वार्टेट मागितले. बीथोव्हेननं प्रत्येकी ५० डुकाट बिदागी सांगितली. आधी मोठा मास आणि नववी सिम्फनी हातावेगळी करायची होती, त्यामुळे काम लांबलं. गालित्सिनसाठीचे तीन क्वार्टेट म्हणजे ओपस १२७, १३२ आणि १३०. पण तीन झाल्यावर तो थांबला नाही. कुणी मागितले नसताना आणखी दोन लिहिले : ओपस १३१ आणि १३५. या पाचांत किती भाग आहेत ते पाहा. पहिल्यात रीतसर चार, मग पाच, मग सहा, मग सात, आणि शेवटच्यात पुन्हा चार. जुनं घर एकेक खोली काढून वाढवत न्यावं आणि शेवटी परत चार खोल्यांत राहायला यावं, तसं काहीसं. आणि गालित्सिनच्या पैशांचं म्हणाल तर ते वेळेवर आले नाहीत. तो वाद बीथोव्हेनच्या मृत्यूनंतरही त्याच्या वारसांपर्यंत चालत राहिला.

आता ती चौकडी. पहिला व्हायोलिनवादक इग्नात्स शुपांत्सिग. हा बीथोव्हेनचा जुना सोबती. देहानं चांगला भरभक्कम, आणि बीथोव्हेन त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायचा. क्वार्टेट तोवर प्रामुख्यानं सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात वाजत. १८०४-०५ च्या हिवाळ्यात शुपांत्सिगनं व्हिएन्नात वर्गणी घेऊन क्वार्टेटच्या जाहीर मैफली केल्या. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या अशा मैफलींपैकी त्या होत. पुढे तो काही वर्षं रशियात होता, १८२३ मध्ये परतला आणि पुन्हा मैफलींना लागला. दुसऱ्या व्हायोलिनवर कार्ल होल्त्स. हा सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि पुढे बीथोव्हेनचा जवळचा मदतनीस झाला. व्हियोलावर फ्रान्त्स वाइस, चेलोवर योझेफ लिंके.

ओपस १२७ त्यांच्या हाती पडला तेव्हा मैफलीची तारीख तोंडावर आली होती. सरावाला मिळाले जेमतेम दोन आठवडे. बीथोव्हेनलाही काळजी होती. त्यानं चौघांना एक गमतीदार शपथपत्र धाडलं : प्रत्येकानं आपल्या अब्रूची शपथ घ्यायची की मी माझ्याकडून काही कमी पडू देणार नाही, आणि खाली सही करायची. चौघांनी सह्या केल्या. होल्त्सनं आपण शेवटचे आहोत, पण फक्त सही करण्यात, अशी टीपही जोडली. शपथ घेतली, पण सराव शपथेनं होत नाही. ६ मार्चला जे व्हायचं ते झालं.

यानंतरचं आपल्याला कसं कळतं? तर वह्यांतून. बीथोव्हेनला ऐकू येत नव्हतं, म्हणून भेटायला येणारे आपलं म्हणणं वहीत लिहीत आणि तो बहुधा तोंडानं उत्तर देई. अशा शंभराहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखं आहे हे, एकच बाजू कानावर येते. या वह्यांत शुपांत्सिगनं आपली बाजू मांडली आहे. त्याचं म्हणणं असं, की वाजवायला हे तसं अवघड नाही, अवघड आहे तो त्यातला नवेपणा, आणि तो पहिल्या नजरेत हाती लागत नाही. आपण ते फार लवकर लोकांसमोर नेलं, हेही त्यानं मान्य केलं. बीथोव्हेनचं समाधान झालं नाही. त्यानं तो क्वार्टेट उचलला आणि योझेफ ब्योम याला दिला.

ब्योम तेव्हा तिशीचा, व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात व्हायोलिनचा प्राध्यापक. त्यानं पुढे सांगितलेली तालमीची आठवण मला फार मोलाची वाटते. तालमीला बीथोव्हेन स्वतः हजर राही. एका कोपऱ्यात बसून तो वादकांच्या गजांकडे टक लावून बघे. कानांनी काही पोचत नव्हतं, पण गज कसा चाललाय यावरून लय कुठे हलली, ठोका कुठे चुकला हे त्याला कळायचं. शेवटच्या भागात अखेरीला एके ठिकाणी त्यानं लय जरा उतरवायला सांगितली होती. ब्योमला वाटलं, इथे उतरलो तर परिणाम जातो. त्यानं सोबत्यांना सांगून लय तशीच ठेवली. वाजवून झालं. बीथोव्हेन काहीच न ऐकता सगळं बघत होता. उठला, तसंच राहू द्या एवढंच म्हणाला, आणि चारही वादकांच्या कागदांवरची ती सूचना स्वतःच्या हातानं खोडून टाकली.

बहिरा, हट्टी, कुणाचं न ऐकणारा बीथोव्हेन अशी आपल्या डोक्यातली प्रतिमा. आणि इथे तो एका तरुण वादकाचं म्हणणं, तेही डोळ्यांनी, ऐकून घेतो आहे.

ब्योमच्या चौकडीनं मार्चमध्येच हा क्वार्टेट लोकांपुढे आणला. आणि इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या एका मैफलीत त्यांनी हाच क्वार्टेट दोनदा वाजवला. पस्तीस-चाळीस मिनिटांची रचना संपली की पुन्हा पहिल्यापासून. व्हिएन्नाच्या एका नाट्यविषयक वृत्तपत्रात त्याबद्दल छापून आलं त्याचा आशय असा, की आधी रचनेवर जे धुकं होतं ते विरलं आणि ती लख्ख दिसली. आधी धुकं, मग लख्ख. मध्ये काय घडलं? चांगली तालीम आणि दुसऱ्यांदा ऐकणं. बस, एवढंच. शंभर वर्षं जावी लागली नाहीत.

पुढच्या क्वार्टेटच्या वेळी ही शिकवण सगळ्यांनी लक्षात ठेवलेली दिसते. एप्रिल १८२५ मध्ये बीथोव्हेन गंभीर आजारी पडला. त्यातून उठल्यावर त्यानं ओपस १३२ मध्ये एक मोठा विलंबित भाग घातला, बऱ्या झालेल्या माणसानं देवाचे मानलेले आभार अशा अर्थाचं त्याचं शीर्षक आहे. त्यासाठी त्यानं लिडियन हा चर्चमधला जुना स्वरक्रम घेतला. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यम तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध, म्हणजे कल्याण थाटाचे स्वर. पण त्यात यमन शोधू नका, चाल वेगळी आहे. हा क्वार्टेट सप्टेंबर १८२५ मध्ये व्हिएन्नातल्या एका खाणावळवजा हॉटेलात, पॅरिसच्या प्रकाशकाच्या मुक्कामी, निवडक लोकांसमोर वाजला. लंडनचे संगीतकार सर जॉर्ज स्मार्ट तिथे होते. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे : रचना पाऊण तासाची, आणि दोनदा वाजवली गेली. खोलीत गर्दी आणि उकाडा, म्हणून बीथोव्हेननं कोट काढून ठेवला. एक तुटक सुरांचा तुकडा त्याच्या डोळ्यांना पटेना. त्यानं होल्त्सच्या हातातलं व्हायोलिन घेतलं आणि वाजवून दाखवलं. सूर थोडा उतरलेला लागला. ते त्याला स्वतःला कळणार नव्हतं. खोलीतल्या बाकी सगळ्यांना कळलं असणार.

आता आपण येतो २१ मार्च १८२६ ला. शुपांत्सिगची चौकडी पुन्हा मैदानात, क्वार्टेट ओपस १३०, सहा भागांचा. मराठी श्रोत्याला 'वन्स मोअर' काय असतं हे सांगायला नको. संगीत नाटकांच्या काळात वन्स मोअर घेत घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालत. तर त्या दिवशी व्हिएन्नातही वन्स मोअर पडले, दोन भागांना. एक दुसरा भाग, दीड-दोन मिनिटांचा वाऱ्यासारखा पळणारा. दुसरा चौथा भाग, जर्मन नाचाच्या चालीचा. दोन्ही पुन्हा वाजवले गेले. पाचवा भाग कॅव्हातिना, संथ, गळ्यातून आल्यासारखा. आणि त्यानंतर सहावा : मोठा फ्यूग.

फ्यूग म्हणजे एक सुरावट एका वाद्यानं म्हणायची, ती पुढे सरकते तोवर दुसऱ्यानं तीच उचलायची, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. एकमेकांच्या मागे लागलेले चार आवाज. हा फ्यूग ७४१ मात्राखंडांचा, पंधरा-सोळा मिनिटांचा आहे, आणि बराच वेळ चारही वाद्यं पूर्ण जोर लावून एकमेकांवर तुटून पडल्यासारखी वाजतात. लाइपझिगच्या संगीत नियतकालिकानं तो चिनी भाषेसारखा अगम्य वाटल्याचं छापलं. बीथोव्हेन मैफलीला नव्हता, जवळच्या एका खानावळीत बसला होता. होल्त्सनं येऊन सांगितलं की दोन भागांना वन्स मोअर मिळाले. फ्यूगला नाही हे कळताच त्यानं श्रोत्यांना गुराढोरांच्या आणि गाढवांच्या रांगेत बसवलं, असं होल्त्सच सांगतो.

थोडं थांबून विचार करा. बीथोव्हेन कशावर चिडला? त्याला टाळ्या कमी पडल्या म्हणून? मला तसं वाटत नाही. त्याला तो भाग पुन्हा वाजायला हवा होता. आधीच्या वर्षभरात त्यानं पाहिलं होतं की त्याचं नवं काम दुसऱ्या वेळेला उलगडतं. त्या संध्याकाळी जे दोन भाग पहिल्याच फटक्यात कळण्यासारखे होते, त्यांनाच दुसरी संधी मिळाली. ज्याला तिची खरी गरज होती त्याला मिळाली नाही. वन्स मोअरचा हा दोष आहे. तो आवडलेल्याला मिळतो, अडलेल्याला मिळत नाही.

पुढे काय झालं ते ठाऊक असेल. प्रकाशक मात्थियास आर्तारियानं होल्त्सला मध्ये घालून सुचवलं की फ्यूग वेगळा छापू आणि क्वार्टेटला दुसरा शेवट लिहून द्या, त्याचे वेगळे पैसे देतो. एवढा मानी माणूस, पण तयार झाला. यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. कुणी म्हणतं तो नमला, कुणी म्हणतं त्याला स्वतःलाच पटलं. मी एक लहानशी गोष्ट फक्त पुढे ठेवतो. मैफलीनंतर काही आठवड्यांतच आर्तारियानं वहीत लिहिलं आहे की या फ्यूगची पियानोवर चार हातांनी वाजवायची आवृत्ती लोक मागताहेत. त्या काळात ग्रामोफोन नव्हता. एखादी रचना पुन्हा ऐकायची तर घरच्या पियानोवर दोघांनी शेजारी बसून ती वाजवायची, हाच उपाय. म्हणजे जे कळलं नाही ते पुन्हा ऐकावं असं वाटणारे लोक त्या व्हिएन्नात होते, आणि ते पैसे मोजायला तयार होते. पहिली आवृत्ती दुसऱ्यानं केली होती, ती बीथोव्हेनला आवडली नाही, म्हणून त्यानं स्वतः दुसरी केली. त्या हस्तलिखिताचा पत्ता फार काळ नव्हता. २००५ मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सापडलं, लिलावात अकरा लाख पौंडांवर गेलं, आणि आज न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत विद्यालयात आहे.

मैफल ऐकणं आणि पैसे यांची आणखी एक गोष्ट सांगतो. डेम्बशर नावाचे एक सधन रसिक अधिकारी. त्यांच्या घरी क्वार्टेटच्या बैठका होत. मार्चच्या मैफलीला ते गेले नव्हते, आणि नंतर ओपस १३० चं हस्तलिखित घरी वाजवायला मागू लागले. बीथोव्हेननं नकार दिला. आधी शुपांत्सिगला मैफलीची वर्गणी द्या, ५० फ्लोरिन, मग बोला, असा निरोप गेला. डेम्बशर हसून म्हणाले, द्यायलाच हवेत का? होल्त्सनं हे बीथोव्हेनला सांगितलं. तो खदखदून हसला आणि हवेतच, काढा पाकीट, अशा अर्थाचं एक चुटकुलं गाणं त्यानं तिथेच लिहिलं. तेच सूर काही महिन्यांनी ओपस १३५ च्या शेवटच्या भागात आले, कष्टानं घेतलेला निर्णय या शीर्षकाखाली, तोच प्रश्न आणि तेच उत्तर घेऊन. पुढच्या पिढ्यांनी त्यात मृत्यू पाहिला, नियती पाहिली. पाहायला हरकत नाही. पण मुळात ती एका वादकाची थकलेली वर्गणी आहे. चौघांनी केलेल्या मेहनतीची किंमत न देता रचना घरी नेता येणार नाही, हे बीथोव्हेन त्यात सांगत होता.

२६ मार्च १८२७ ला तो गेला. ओपस १३१, सात भाग न थांबता वाजवायचा क्वार्टेट, त्याच्या हयातीत जाहीरपणे वाजलाच नाही. नोव्हेंबर १८२८ मध्ये मृत्यूशय्येवरच्या शूबर्टसाठी होल्त्स आणि त्याच्या सोबत्यांनी तो घरी वाजवला. पाच दिवसांनी शूबर्ट वारला. वय एकतीस. १८२९ मध्ये पॅरिसमध्ये बर्लिओझनं तो ऐकला आणि बहिणीला लिहिलं, की तीनशेच्या आसपास माणसं होती आणि त्यात हे हास्यास्पद न वाटलेले आम्ही सहाच.

सहा. मग सहाचे साठ आणि साठाचे सहाशे कसे झाले? आपोआप नाही. १८४५ मध्ये लंडनला बीथोव्हेन क्वार्टेट सोसायटी स्थापन झाली. त्यांनी प्रत्येक मैफलीत एक सुरुवातीचा, एक मधला आणि एक अखेरचा अशी रचना केली, म्हणजे श्रोता पायऱ्या चढत शेवटच्यापर्यंत जाईल. १८५० च्या सुमारास पॅरिसमध्ये केवळ या अखेरच्या क्वार्टेट्ससाठी एक मंडळ निघालं. आणि १८२५ च्या त्या तालमीतल्या ब्योमचा एक विद्यार्थी होता, योझेफ योआखिम. त्यानं बर्लिनमध्ये १८६९ पासून आपली चौकडी चालवली आणि वर्षानुवर्षं हे क्वार्टेट लोकांसमोर ठेवले. गुरूनं दोनदा वाजवलं, शिष्यानं आयुष्यभर. मग ध्वनिमुद्रिका आल्या. १९२० आणि ३० च्या दशकांत लेनर आणि बुश यांच्या चौकड्यांनी हे क्वार्टेट ७८ च्या तबकड्यांवर मुद्रित केले. दर चार-साडेचार मिनिटांनी तबकडी उलटावी लागे, पण पुन्हा लावायला कुणाची परवानगी लागत नसे. आज पुष्कळ वादक ओपस १३० वाजवताना फ्यूग मूळ जागी, शेवटी, वाजवतात. अडलेल्याला दुसरी संधी मिळाली, ती शंभर-दीडशे वर्षं उशिरा.

जाता जाता आपल्याशी जुळणारा एक धागा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची सोनेरी तबकडी अंतराळात गेली. तिच्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतल्या 'जात कहाँ हो' सह. त्यांच्यानंतर एक ध्वनिमुद्रण सोडून तबकडीवरचं शेवटचं संगीत येतं, ते ओपस १३० मधली कॅव्हातिना. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती काटेकोर होत्या हे आपण जाणतो. दोघांचंही थोडकं, पण पुन्हा लावता येईल असं काहीतरी त्या तबकडीवर आहे. कॅव्हातिनेच्या लगेच मागे येणारा फ्यूग मात्र तिथेही नाही.

म्हणून आपण इथे तो क्रम पुरा करू. आता कॅव्हातिना लावतो, साडेसहा-सात मिनिटांची आहे. ती संपली की मध्ये टाळ्या वाजवू नका, लगेच फ्यूग सुरू होईल. तो ऐकून बहुतेकांना काही कळणार नाही. मला पहिल्यांदा अजिबात कळला नव्हता, गोंगाट वाटला होता. मग आपण दहा मिनिटं चहाला थांबू, आणि चहानंतर तोच फ्यूग पुन्हा लावू. ज्यांना घरी जायचं असेल त्यांनी जरूर जावं. पण जमलं तर दुसऱ्या खेपेला थांबा.